ज्याचा पीस बिघडला, त्यानं तो घरी न्यावा

पत्र्याच्या कारखान्यात कात्रणं कुणी मुद्दाम तयार करत नाही. आपण दिवसभर आपलं काम करत असतो, पायाशी एकेक चिंधी पडत राहते, आणि शनिवारी झाडू मारायला घेतला की कळतं, अरे, पोतं भरलं की! किश्श्यांचंही तसंच. फरक एवढाच, की कात्रणं भंगारवाला घेऊन जातो, किस्से कुणी नेत नाही. आमच्याकडच्या पोत्यात निम्म्याहून जास्त माल माझा आहे. म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगावं. निदान तिखट-मीठ तरी आपल्या हाताचं पडेल!

आमचा कारखाना धाराशिवच्या एमआयडीसीत आहे. कारखाना म्हणजे एक शेड, एक बेंडिंग मशीन, वेल्डिंगचे सेट, ग्राइंडर, आणि कोपऱ्यात पंख्याखाली एक टेबल. त्या टेबलावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरसमोर मी, गौतम. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. बेंडिंग मशीनवर शकीलभाई. पत्रा कापून येतो सोलापूरहून, लेझरवर. आम्ही तो वाकवतो, जोडतो, रंगवतो. पेट्या, कूलर, ट्रे, शेळ्यांच्या गव्हाणी, सांगाल ते.

माझं काम लोकांना समजावून सांगताना मला घाम फुटतो, तरी प्रयत्न करतो. गिऱ्हाईक आपल्या वस्तूचं मॉडेल पाठवतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर गरगर फिरवता येणारी वस्तू. त्यात नको असलेल्या खाचा, भोकं, उंचवटे असतात. त्यांच्या बाजू मी काढून टाकतो. बाजू काढली की त्या जागी खिंडार पडतं. आणि खिंडार पडलेली वस्तू सॉफ्टवेअर उलगडून देत नाही. मिठाईचा खोका कसा उलगडून सपाट पुठ्ठा होतो, तसा पेटीचा सपाट पत्रा करून मिळाला तरच तो कापायला पाठवता येतो. म्हणून मग खिंडार बुजवायचं. कधी ठिगळ लावून, तर कधी शेजारच्या दोन बाजू एकमेकींना गाठेपर्यंत वाढवून. थोडक्यात, आधी मोडायचं आणि मग दुरुस्त करत बसायचं. मंगल, म्हणजे माझी बायको, एकदा हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हंजी घरी करता तेच की!"

हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. बरीच वर्षं मी ग्राइंडरवर होतो. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत शिकलो. एक दिवस अण्णांनी टेबल दिलं. देताना अट घातली.

ती अट कळण्यासाठी आमच्या कारखान्याचा एक नियम सांगायला हवा. अण्णांच्या वडिलांपासूनचा आहे. ज्याच्या चुकीनं पीस बिघडला, त्यानं तो घरी न्यायचा! भंगारात टाकायचा नाही. घरी न्यायचा आणि वापरायचा. अण्णा म्हणतात, "भंगारात टाकलेली चूक माणूस इसरतो. घरात ठिवली की येता-जाता पायाला लागती." शकीलभाईंच्या घरी उलटी वाकवलेली एक पाटी आहे, त्यांच्या कोंबड्या तीत पाणी पितात. खुद्द अण्णांच्या अंगणात एक तिपाई चौथ्या पायाची वाट बघत उभी आहे. नियम सगळ्यांना सारखा.

तर टेबल देताना अण्णा म्हणाले, "गौतमराव, ग्राइंडरवर तुमची चूक बोटाएवढी व्हायची. हितं बसल्यावर ती वाढणार. तवा आधीच सांगतो. तुमचा बिघडलेला पीस तुमच्या घराच्या दारातनं आत जातोय, तवर टेबल तुमचं. ज्या दिवशी दारात अडकला, त्या दिवशी परत ग्राइंडर!"

मी घरी येऊन हे मंगलला सांगितलं. तिनं आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. ग्राइंडरच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यामुळं मी घरीही ओरडूनच बोलायचो. 'मीठ दे' म्हटलं तरी शेजारचे डोकावून जायचे, काय भांडण झालं म्हणून! टेबलावर बसायला लागल्यापासून माझा आवाज हळूहळू खाली आला. एकदा जेवताना मंगल म्हणाली, "आज मला ह्या घरात कुकरची शिट्टी ऐकू आली. ते टेबल सोडायचं न्हाय!"

*

शिकत असतानाची गोष्ट. वस्तू कशी उलगडते हे समजावं म्हणून मी घरातले खोके उलगडायला लागलो. टूथपेस्टचा, अगरबत्तीचा, चहाचा, मुंग्यांच्या खडूचा. रिकामा होईपर्यंत थांबायचा धीर नव्हता. चहा पिशवीत, अगरबत्त्या तांब्यात आणि खोके सपाट होऊन गादीखाली!

त्याच दिवसांत जळकोटला मंगलच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर प्रत्येकाच्या हातात पेढ्याचा एक खोका दिला. मी बघितलं, तर खोका अजब होता. कुठंच गोंद नाही, नुसत्या घड्यांवर उभा! मला राहवेना. पेढे रुमालात काढून घेतले आणि मांडवातच खोका उलगडायला बसलो. शेजारच्या पाहुण्यांना समजावूनही सांगत होतो, की ही घडी आधी, ही नंतर, आणि हा कोपरा बघा, इथं चीर दिली नसती तर उलगडलाच नसता.

भोवती पाच-सहा जण गोळा झाले. मला वाटलं, ज्ञानाची ओढ! मग खोका परत घडवायला गेलो तर एक कान फाटला आणि तो काही केल्या उभा राहीना. मी तसाच खटपट करत बसलो. तेवढ्यात मंगलचे भाऊ आले. रुमालातल्या पेढ्यांकडं बघून, मग हातातल्या पुठ्ठ्याकडं बघून हात जोडून म्हणाले,

"दाजी, पेढा आतला खायचा असतो!"

अजूनही सासरवाडीला गेलो की माझ्यापुढं खाण्याचं ताटलीत मोकळंच ठेवतात. खोका दाखवत सुद्धा नाहीत.

*

टेबलावरचं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे विजेच्या मीटरची पेटी. मॉडेल आलं. मी फिरवून बघितलं तर प्रत्येक घडीच्या टोकाला नखाएवढी एक खाच. सगळ्या पेटीभर! मला वाटलं, ज्यानं काढलं तो आळशी दिसतोय. मला अर्धवट काम बघवत नाही. आमच्या घरात रोजनिशीच्या वह्यासुद्धा उंचीप्रमाणं लावलेल्या असतात. मी एकेक खाच निवडली, तिच्या बाजू काढल्या, खिंडार बुजवलं. दुपारपर्यंत पेटी अशी गुळगुळीत झाली की काय सांगू! चहाच्या वेळी अण्णांना मुद्दाम बोलावून दाखवली. तेही म्हणाले, "वा! एकदम पेरूवानी!"

पत्रा कापून आला. शकीलभाईंनी मशीनवर लावला, पेडल दाबलं आणि कोपरा टर्रकन फाटला. दुसरा लावला, तो फुगला. त्यांनी मशीन बंद केलं, ड्रॉइंग हातात घेतलं, आणि माझ्याकडं न येता मलाच तिकडं बोलावलं.

"गौतमभाई, हितं खाचा नव्हत्या का?"

"होत्या," मी अभिमानानं म्हणालो. "काढल्या!"

शकीलभाईंनी फाटका कोपरा माझ्यापुढं धरला. मग हळू आवाजात म्हणाले, "पत्रा मुडता तो उसकू सरकने को जगा होना ना भाई. तुमने तो बेचारे की नाकच बंद कर डाली!"

ती पेटी आमच्याकडं धुण्याचा साबण ठेवायला आहे. फाटक्या कोपऱ्यातून पाणी आपोआप निथळतं. मंगल आल्या-गेल्याला सांगते, "मुद्दाम तसा करून घेतलाय."

*

भूमकडं खव्याचा मोठा धंदा चालतो. तिकडच्या एका भट्टीवाल्याला ट्रे हवे होते. त्याच्या जुन्या ट्रेच्या तळाला बारीक भोकं होती, पनीर निथळायला. खव्याला भोकं नकोत. काम सोपं. तळाची भोकं काढा, बुजवा, उलगडा.

भोकं शंभरावर असावीत. एकेक निवडायचं माझ्या जिवावर आलं. व्हिडिओत एक युक्ती बघितली होती. एका भोकावर टिचकी मारा, आणि त्याला लागून असलेलं सगळं एकदम निवडा. मारली. निवडलं. काढून टाकलं. मग सॉफ्टवेअरला सांगितलं, जिथं जिथं खिंडार असेल तिथं तिथं बुजव. एरवी ते लाल अक्षरांत दहा तक्रारी करतं. त्या दिवशी एक नाही! उलगडा मागितला, तर पहिल्या फटक्यात मिळाला. सुंदर, सरळ, लांब पट्टी. मला इतका आनंद झाला की ही पट्टी का, असा प्रश्नच पडला नाही.

आमच्याकडं आधी एकच नमुना करायची पद्धत आहे, ही बुद्धांची कृपा. पट्टी आली. शकीलभाईंनी तीन ठिकाणी वाकवली, चौथा कोपरा जोडला, आणि अण्णांच्या टेबलावर आणून ठेवली. अण्णा चष्मा पुसून बघायला लागले. वरून बघितलं. उचलून खालून बघितलं. मग त्यातून आरपार माझ्याकडं बघितलं. चारी भिंतींच्या मधोमध त्यांचा चेहरा फोटोत बसवल्यासारखा दिसत होता.

"गौतमराव, भोकं काढा म्हणलं होतं."

"काढली की अण्णा."

"व्हय. तळासकट!"

लागून असलेलं सगळं म्हणजे तळही त्यात आला होता. चार भिंती एकाच पट्टीच्या असल्यामुळं सॉफ्टवेअरला त्यात वावगं काही दिसलं नाही. त्याचं म्हणणं, ही वस्तू धडधाकट आहे. खवा कुठं ठेवायचा हा त्याचा प्रश्न नव्हता.

मंगलनं ती चौकट अंगणात मातीवर ठेवून आत कोथिंबीर पेरली आहे. कुणी विचारलं तर म्हणते, "आमच्यात सगळं हाय. निस्ता तळ न्हाय!"

*

एकदा एका गव्हाणीचं मॉडेल काही केल्या उलगडेना. सॉफ्टवेअर म्हणे, दोन बाजूंच्या मध्ये फट आहे. मी पडदा मोठा केला, फट दिसेना. आणखी मोठा केला. शेवटी अख्खा पडदा त्या एका कोपऱ्यानं भरला, तेव्हा केसाहून बारीक एक रेघ दिसली. ती बुजवली तर शेजारी दुसरी उघडली. दुसरी बुजवली तर पहिली परत. सकाळी बसलो होतो, दुपारचा डबा तसाच राहिला.

अण्णा येऊन पाठीमागं उभे राहिले. "काय म्हणतंय?"

"फट आहे म्हणतंय."

"केवढी?"

मी बोटांनी दाखवायला गेलो, पण बोटांत तेवढं बारीक काही दाखवता येईना. अण्णांनी शेडकडं तोंड करून हाक मारली, "शकीलभाई, वेल्डिंग रॉड घिऊन या! ह्यांच्या कॉम्प्युटरला दोन टाके मारायचेत!"

सगळी शेड हसली. मी म्हणालो, "अण्णा, हसू नका. ही फट खरी असते. बुजल्याशिवाय ते पुढं जातच नाही." अण्णांनी पडद्याला नाक लावून ती रेघ बघितली, आणि जाता जाता म्हणाले,

"कमाल हाय! जिच्यातनं मुंगी जात न्हाय, तिच्यातनं तुमचा आख्खा दिवस गेला!"

तेव्हापासून मला उशीर झाला की कारण विचारत नाहीत. कुणीतरी म्हणतं, "फट आसंल," आणि विषय संपतो. हे घरीसुद्धा पोचलं आहे.

*

एकच बिघडलेला पीस माझ्या घरी आला नाही. तो सांगतो.

गावातल्या दोन भावांचं कूलरचं दुकान होतं, 'संजय-सुभाष कूलर'. कूलरच्या पुढच्या पत्र्यावर ते नाव कापलेलं असायचं, अक्षरांच्या आकाराची भोकंच. उन्हाळ्याच्या तोंडावर दोघे वेगळे झाले. का, ते गावाला माहीत आहे, इथं नको. सुभाषराव आमच्याकडं आले आणि खाली बघत म्हणाले, "पुढलं नाव काढा."

मी एकेक अक्षराच्या बाजू काढल्या, जागा बुजवल्या. फार मन लावून केलं. नमुना तयार झाला तेव्हा सुभाषराव बघायला आले. पत्र्यावर हात फिरवता फिरवता त्यांचं बोट एका जागी थांबलं. वरच्या बाजूला वाटाण्याएवढं एक भोक. 'संजय'मधला अनुस्वार राहून गेला होता!

माझा चेहरा उतरला. मी म्हणालो, "चुकलं साहेब. हा पत्रा मी घरी नेतो, तुम्हाला दुसरा देतो."

सुभाषरावांचं बोट त्या भोकावरच होतं. कूलरच्या आत पंखा चालू होता, तिथून बारीक वारा येत असावा.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "एवढा तर ऱ्हाणारच."

आणि बाकीच्या सगळ्या कूलरनाही ते भोक ठेवायला सांगून गेले.

अण्णांनी त्या दिवशी दिवसभर मला काहीच टोमणा मारला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

*

आता सोनारीची पेटी.

सोनारीला काळभैरवाचं देऊळ आहे, आणि देवळाच्या आवारात भक्तांपेक्षा माकडं जास्त. तिथले एक तात्या नारळ-रेवड्यांचं दुकान चालवतात. आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "मला आसं दुकान पायजे, की त्यात गिऱ्हाइकाचा हात गेला पायजे, आन् माकडाचा गेला न्हाय पायजे."

अण्णा म्हणाले, "दोघांच्या हातात फरक काय?"

"गिऱ्हाईक आधी इचारतंय!"

तात्यांच्या जावयानं पुण्याहून मॉडेल काढून पाठवलं होतं. माणसाएवढी उंच पेटी, पुढून उघडी, आणि वर पुढच्या अंगाला घसरगुंडीसारखा उतार. उतारावर हवेसाठी आडव्या फटी होत्या. तात्या म्हणाले, "तेवढ्या फटी बंद करा. त्यात बोटं घालून बसत्यात. बाकी कशाला हात लावू नका."

फटी पुष्कळ होत्या. एकेक बुजवण्यापेक्षा मी विचार केला, की सगळा उतारच काढून टाकावा आणि त्या जागी कोरा नवा लावावा. एकदम स्वच्छ! मी उतार काढला. आता ठिगळ लावायचं, तर सॉफ्टवेअरनं मला विचारलंच नाही. आपण होऊन शेजारच्या बाजू वाढवल्या. वरचं छत पुढं सरकत गेलं, पुढची पट्टी वर चढत गेली, आणि जिथं गाठ पडली तिथं काटकोनी कोपरा झाला. लाल अक्षर एकही नाही. उलगडा पहिल्या फटक्यात!

आता तुम्ही म्हणाल, खव्याच्या ट्रेनंतर पहिल्या फटक्याची ह्या माणसाला भीती वाटायला हवी होती. मलाही आता तसंच वाटतं.

नमुना तोच माल, कारण पेटी एकच. कापून आली, शकीलभाईंनी वाकवली, वेल्डिंग झालं, केशरी रंग दिला. मी शकीलभाईंना नंतर विचारलं, "तुमच्या लक्षात आलं नाही का?" ते म्हणाले, "मैं ड्रॉइंग देखके मोडता भाई. तुमारे दिमाग का नकाशा मेरेकू कोई दिया नै!"

टेम्पोतून आम्ही सोनारीला गेलो. अण्णाही आले होते, देवदर्शन होईल म्हणून. पेटी उतरवून दुकानाच्या जागी ठेवली. तात्यांनी मुहूर्ताला रेवड्यांची एक पुडी आत मांडली आणि लांब जाऊन बघत उभे राहिले. ते काही बोलायच्या आत एक थोराड माकड आलं, पेटीच्या सपाट छतावर चढलं आणि मांडी घालून बसलं. त्याच्यामागून दुसरं. मग पोराला पोटाशी धरून एक माकडीण. पहिल्यानं बसल्या जागेवरून हात खाली सोडला, चाचपून बघितलं, आणि तात्यांनी नुकतीच मांडलेली रेवड्यांची पुडी वर घेतली.

तात्या शांतपणे म्हणाले, "उतार कशाला सांगितला होता, गौतमराव?"

मी मान वर करून माकडांकडं बघितलं.

"त्यांनी वर बसू नये म्हणून! तुम्ही तर बैठक करून दिली. आता सतरंजी तेवढी मी टाकतो!"

अण्णांनी हात जोडले, दुसरी पेटी करून द्यायचा शब्द दिला, आणि पेटी परत टेम्पोत चढवायला लावली. चढवताना माकडं उतरायला तयार नव्हती. धाराशिव जवळ आल्यावर अण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "आधी गौतमरावांच्या घरी."

टेम्पो दारात थांबला. पेटी खाली उतरवली. अण्णांनी एकदा पेटीकडं बघितलं, एकदा आमच्या दाराकडं. मीही बघत होतो. आयुष्यभर मापं घेतलेल्या माणसाला टेप लागत नाही. उतार असता तर तिरकी करून तरी शिरली असती. आता सगळीकडून चौकोनी. आडवी घातली, उभी घातली, पाठीवर घातली. दारात अडकायची ती अडकलीच.

अण्णा म्हणाले, "मी सांजच्याला हिकडूनच जाणार हाय. येतो बघायला. आत गेली आसंल तर ठीक. तात्यांची नवी पेटी कुणी काढायची, ते तवाच ठरवू." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

ते गेले. शकीलभाई मागं राहिले. मी पायरीवर बसलो आणि ग्राइंडरचा जुना चष्मा कुठं ठेवला असेल ते आठवायला लागलो. मंगल बाहेर आली. तिनं पेटीला एक फेरी मारली, छतावर थाप मारली.

"आडतंय कुठं?"

"दारात," मी म्हणालो. ओरडूनच म्हणालो असेन, कारण शेजारचे डोकावले.

"पेटीचं बोलू नका. पेटी वेल्ड केलीय. दार कशावर हाय?"

आमचं दार पत्र्याचं, चौकट अँगलची. मीच केलेली, चार बोल्टांवर बसवलेली. मंगलनं आतून पाना आणला आणि माझ्या हातात न देता शकीलभाईंना दिला.

शकीलभाईंनी पाना घेतला. "भाभी, मैं हितं नव्हतो. अण्णांनी पुसलं तर मैं नमाजकू गेला होता."

संध्याकाळी अण्णा आले. पेटी आत, भिंतीला लागून उभी होती. मंगलनं खालच्या कप्प्यात ज्वारीचा डबा ठेवला होता, मधल्यात भांडी, आणि सपाट छतावर गाद्या. छत सपाट असल्याचा काहीतरी उपयोग झाला. दाराच्या जागी तिच्या एका जुन्या साडीचा पडदा टांगलेला, आणि वाऱ्यानं तो आत-बाहेर होत होता.

अण्णा पडदा बाजूला करून आत आले. खुर्चीवर बसले. मंगलनं चहा दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली, पेटीकडं बघितलं.

"गेली म्हणायची आत."

"गेली की!" मंगल म्हणाली.

अण्णांनी बशी तशीच हातात धरून मान वळवली. भिंतीतल्या मोकळ्या जागेकडं, बोल्टांच्या चार भोकांकडं, साडीकडं बराच वेळ बघितलं.

"आन् दार कुठंय?"

"दुरुस्तीला टाकलंय."

"कुणाकडं?"

"तुमच्याच कारखान्यात. ते पंख्याखाली टेबलावर बसत्यात ना, त्यांच्याकडं."

मी तिथंच, अण्णांच्या शेजारी उभा होतो. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. चहा संपवला, बशी खाली ठेवली, उठले, आणि पडदा धरून मंगललाच म्हणाले,

"मग उद्या सकाळी लवकर टेबलावर ये म्हणावं त्याला. घर उघडं पडलंय."